संगणकाची स्मृती व जोडण्या : पारखून घेण्याचा धडा



आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणक आला आहे. कुणी मुलांच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतला, कुणी कचेरीतून काढलेला जुना संगणक स्वस्तात आणला. काही वर्षांनी तो मंद चालू लागतो आणि "आता नवाच घ्या" असा सल्ला मिळतो. अशा वेळी पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे खर्च होतात. तथागतांनी कालामांना उपदेश केला की, केवळ ऐकीव आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. हीच दृष्टी संगणकालाही लावली पाहिजे. त्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही. आम्हीही कला शाखेचेच पदवीधर आहोत.

स्मृतीचे प्रकार

बँकेतील कारकुनाच्या टेबलावर चालू कामाचे कागद असतात, बाकीचे दप्तर रेकॉर्ड रूममध्ये असते. संगणकात रॅम म्हणजे हे टेबल आणि हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे रेकॉर्ड रूम. टेबल लहान असेल तर कारकुनाला सारख्या फेऱ्या माराव्या लागतात व खातेदार रांगेत ताटकळतो. रॅम कमी पडली की संगणकाचे तेच होते.

रॅममधील माहिती वीज जाताच पुसली जाते. आयबीएम कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीत प्रत्येक बिट एका ट्रान्झिस्टर व एका कपॅसिटरच्या साहाय्याने साठवला जातो. कपॅसिटरमधील विद्युतभार गळत राहतो, म्हणून तो सेकंदाला कित्येक वेळा पुन्हा भरावा लागतो. काम करताना वरचेवर सेव्ह का करावे, याचे कारण हेच.

फ्लॅश स्मृती मात्र वीज गेली तरी टिकते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड व एसएसडी या तिच्यावरच चालतात. मोबाईलच्या जाहिरातीतील "१२८ जीबी" हा आकडा या साठवणुकीचा असतो, रॅमचा आकडा वेगळा असतो. खरेदी करताना दोन्ही विचारावेत.

रॅमची पट्टी कशी ओळखावी?

टेबलावरील संगणकात डीडीआर-३ पट्टीला २४० पिना असून ती १.५ व्होल्टवर चालते. डीडीआर-४ ला २८८ पिना व १.२ व्होल्ट लागतात. डीडीआर-५ लाही २८८ पिनाच आहेत, पण व्होल्ट १.१. पिना सारख्या असल्या तरी या दोन पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खोबणीत बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. तीत डीडीआर-३ ला २०४, डीडीआर-४ ला २६० व डीडीआर-५ ला २६२ पिना असतात. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते व ती पुढे वाढवता येत नाही, हे घेण्यापूर्वीच विचारावे.

जोडण्या

जुन्या हार्ड डिस्कला ४० पिनांची रुंद आयडीई पट्टी लागे. पुढे साटा आली. तिची माहितीची जोडणी ७ पिनांची व विजेची १५ पिनांची असते. एसएसडी साटाचीही मिळते. एम.२ या लहान खोबणीत मात्र साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात, म्हणून बोर्ड कोणता प्रकार घेतो हे आधी पाहावे. पडद्यासाठी १५ पिनांची व्हीजीए ही जुनी जोडणी आणि १९ पिनांची एचडीएमआय ही नवी. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो. यूएसबी-सी दोन्ही बाजूंनी बसते, परंतु दिसायला सारखी असलेली प्रत्येक केबल सारख्या वेगाची नसते.

तपासण्याचा क्रम

१) विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा. नेहमीच्या कामात मेमरी सतत जवळजवळ भरलेली दिसली तर रॅम वाढवावी. मेमरी मोकळी असून जुनी हार्ड डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल, तर एसएसडी बसवल्याने बराच फरक पडतो.

२) तेथेच रॅमच्या किती खोबणी वापरात आहेत तेही कळते.

३) पेटी उघडण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी, संगणक बंद करून वायर सॉकेटमधून काढावी आणि अंगातील स्थिर वीज जाण्यासाठी पेटीच्या धातूला हात लावावा. पट्टी कडेने धरावी, सोनेरी पिनांना बोट लावू नये.

४) संगणक चालू न होता नुसता बीप वाजवत असेल, तर पट्टी काढून पुन्हा नीट बसवून पाहावी. पुष्कळदा दोष सैल बसलेल्या पट्टीचाच असतो.

या तपासणीनंतरही नवा संगणक घ्यावा लागला, तर अवश्य घ्यावा. पण तो निर्णय आपल्या समजुतीने झालेला असेल. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखवला, तो परीक्षेतील गुणांपुरता नव्हता. विद्यार्थी मित्रांनी एखाद्या रविवारी जाणकाराच्या देखरेखीखाली बंद पडलेला जुना संगणक उघडावा, प्रत्येक भाग ओळखावा, वहीत त्याची आकृती काढावी आणि धाकट्या भावंडांना समजावून सांगावे. दुसऱ्याला सांगता आले म्हणजे आपल्याला समजले.

जयभीम! नमो बुद्धाय!