बायकामुलांना दुबईला नेण्यापूर्वी : व्हिसाचा हिशेब वेगळा, संसाराचा हिशेब वेगळा

रत्नागिरी-रायगडकडे असे अनेक मोहल्ले आहेत, जिथे घरटी एक माणूस आखातात आहे. शिंपी, सुतार, ए.सी. मेकॅनिक, ड्रायव्हर, दुकानातला सेल्समन असे आपले कारागीर वर्षानुवर्षे तिकडे राबत आहेत. बहुतेकांनी एकट्याने दिवस काढले आणि पैसा गावी पाठवला. त्याच पैशातून घरे बांधली, बहिणींची लग्ने केली, दुकाने टाकली.

पगार थोडा वाढला की मनात विचार येतो, आता बायकामुलांनाही न्यावे. हा विचार चुकीचा नाही. मुलांनी बाप फक्त सुट्टीत पाहावा, ही काही चांगली गोष्ट नव्हे. पण आपले लोक या बाबतीत एकच प्रश्न विचारतात, "व्हिसा मिळेल का?" व्हिसा मिळणे आणि संसार चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक न कळल्याने कित्येक कुटुंबे दोन-तीन वर्षांत कर्ज घेऊन परत येतात. म्हणून दुबई-शारजाचे उदाहरण घेऊन हा हिशेब नीट समजून घेऊ.

कायदा काय म्हणतो

संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून कुटुंबाच्या व्हिसासाठी हुद्द्याऐवजी उत्पन्न पाहिले जाऊ लागले. मासिक पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची जागा, ही अट ठरली. त्यामुळे पूर्वी हुद्द्यामुळे अडलेल्या कारागिरांनाही दार उघडले. पण ४,००० दिरहमात चार माणसांचा संसार चालतो, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. ही अट म्हणजे दारातला उंबरठा आहे, घर नव्हे.

एक नमुना हिशेब

समजा, खेडचा एक शिंपी शारजाला ६,००० दिरहम कमावतो. (पुढील आकडे समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या वस्तीतले भाव विचारून स्वतःचे आकडे घालावेत.)

तो एकटा असताना : खोलीतली एक खाट ८००, जेवण ६००, फोन व किरकोळ ४००. एकूण खर्च १,८००. उरले ४,२००. त्यातले १,५०० गावी घरखर्चाला लागतात. शिल्लक २,७०० दिरहम.

बायको आणि दोन मुले आल्यावर : घरभाडे ३,०००, वीज-पाणी-इंटरनेट ६००, दोन मुलांची फी आणि शाळेची बस १,४००, किराणा व मासे-मटण १,२००, येणे-जाणे व फोन ५००, व्हिसा व विम्याचा महिन्याचा वाटा २५०, वर्षातून एकदा चौघांच्या विमान तिकिटाचा महिन्याचा वाटा ४००. एकूण ७,३५०. शिवाय गावी अम्मी-अब्बांना ५०० पाठवायचेच आहेत. म्हणजे खर्च ७,८५० आणि पगार ६,०००.

कालपर्यंत २,७०० मागे टाकणारा माणूस आज दरमहा १,८५० दिरहम कमी पडतो. पगार एक फिलसाने कमी झालेला नाही. कायद्याची अट तर त्याने केव्हाच पार केली आहे. तरी खड्डा पडला.

इथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या भावाने बांधलेला आहे. डॉलरच्या तुलनेत रुपया घसरला की गावी पैसे पाठवणाऱ्याचा फायदा होतो, कारण त्याच दिरहमाचे जास्त रुपये मिळतात. पण जो सगळे दिरहम तिथेच खर्च करतो, त्याला हा फायदा मिळत नाही.

जे गावी फुकट आहे, ते तिथे विकत आहे

आपल्या वहीत न लिहिलेली बरीच मिळकत गावच्या घरात असते. घर स्वतःचे, भाडे नाही. मूल आजारी पडले तर आजी सांभाळते. मदरसा आणि शाळा पायी जाण्याच्या अंतरावर. किराणा दुकानदार महिनाभर उधार देतो. घरातली बाई पिको-फॉल करते, ब्लाऊज शिवते, मसाला कुटून विकते आणि चार पैसे आणते.

तिथे यातले काहीच नाही. मुलाला बस लागते, तिचे पैसे. आजी नाही. पतीच्या व्हिसावर आलेल्या पत्नीला काम करायचे तर रीतसर वर्क परमिट लागते. घरात बसून बिनपरवाना शिवणकाम किंवा डबे करणे नियमात बसत नाही. म्हणजे दोन हातांची कमाई थांबते आणि चार तोंडांचा खर्च वाढतो.

पूर्वी अनेक कुटुंबे एकच घर लाकडी पडद्या टाकून वाटून घेत. अशा बेकायदा विभागणीवर दुबईत कारवाई होते. 'भाडे अर्धे-अर्धे करू' या भरवशावर हिशेब मांडू नये.

भाड्याची पद्धत

आपल्याकडे डिपॉझिट आणि दरमहा भाडे अशी रीत आहे. तिथे करार वर्षाचा असतो आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात. वर्षाचे भाडे चार चेकमध्ये ठरले, तर दर तीन महिन्यांनी खात्यात मोठी रक्कम तयार लागते. चेक वटला नाही तर वसुलीची कारवाई लवकर होते. दुबईत करार 'इजारी'मध्ये नोंदवावा लागतो आणि वार्षिक भाड्याच्या ५ टक्के इतकी नगरपालिकेची फी वीज-पाण्याच्या बिलातून हप्त्याने येते. डिपॉझिट आणि दलालाचे कमिशन वेगळे. थोडक्यात, घर घेण्याच्या दिवशी हातात तीन-चार महिन्यांच्या भाड्याइतकी रोकड हवी. ती कर्जाची नसावी.

मुलांची शाळा

सर्वात मोठा प्रश्न हाच आहे. मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाला तिथे बहुधा सी.बी.एस.ई.च्या इंग्रजी शाळेत बसावे लागते. पहिली-दुसरीतले मूल रुळते. सातवी-आठवीतले मूल मात्र गणित येत असूनही भाषेमुळे मागे पडते.

दुसरी बाजू परतीची. तिथे जन्मलेले मूलही भारतीयच राहते, तिथले नागरिक होत नाही. उच्च शिक्षण तिथे महाग आहे, म्हणून मुले महाराष्ट्रात परत येतात. पण इथे वैद्यकीय व इंजिनिअरिंगच्या राज्य कोट्यातल्या जागांना साधारणपणे अधिवासाबरोबर दहावी-बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असण्याची अट असते. दोन्ही परीक्षा शारजाला दिलेल्या हुशार मुलाला आपल्याच जिल्ह्यात परका ठरवले जाऊ शकते. म्हणून मुलाला नेतानाच ठरवावे की त्याला कोणत्या इयत्तेत परत आणायचे. नववीपूर्वी परत आणणारे पालक त्यातल्या त्यात सुखी असतात.

तिथे मूल जन्मले तर एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी. यात आळस केल्यास मुलाचे नागरिकत्व अडचणीत येते.

घरातल्या बाईचा दिवस

हा मुद्दा पुरुष विचारातच घेत नाहीत. गावी सकाळपासून ओटीवर माणसांचा राबता असतो. तिथे नवरा सकाळी जातो आणि रात्री येतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मुले खाली खेळू शकत नाहीत. फ्लॅटचे दार बंद, शेजारी वेगळ्या मुलखाचे. हिंदी-उर्दूवर बाजार होतो, हलाल मांसाची चिंता नाही, मशीद जवळ असते, रस्त्यावर सुरक्षितता आहे. या गोष्टी खऱ्या आहेत आणि चांगल्याही आहेत. तरीही पहिले सहा महिने एकटेपणाचे जातात. ज्या घरात दोघांनी आधी बसून हे बोलून घेतले, तिथे ते निभावते. नवऱ्याने एकट्याने ठरवले, तिथे रोज वाद होतात.

तिने दोन गोष्टी नक्की कराव्यात. एक, स्वतःच्या नावाचे बँक खाते. पतीचे निधन झाल्यास त्याचे तिथले खाते न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत गोठवले जाते. अशा वेळी तिच्या हाती परतीच्या तिकिटाचे तरी पैसे असावेत. दोन, सर्व कागदपत्रांच्या प्रती तिच्याजवळ आणि गावी भावाजवळ असाव्यात.

लहान गोष्टी, मोठा दंड

सामान बांधताना आपल्या बायका घरचा मसाला हमखास देतात. त्यात खसखस नाही ना, हे पाहावे. आपल्या वाटणातली ही साधी वस्तू अमिराती आणि सौदी अरबस्तानात बंदी असलेल्या मालात येते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि तिथल्या परवानगीशिवाय नेऊ नयेत. दुसऱ्याचे बांधलेले पार्सल तर मुळीच नेऊ नये.

गावच्या मशिदीसाठी किंवा मदरशासाठी तिथे वर्गणी गोळा करणे हा आपल्याकडे पुण्याचा उद्योग. अमिरातीत परवानगी नसलेल्या व्यक्तीने देणग्या गोळा करणे गुन्हा आहे, मग काम कितीही नेक असो. व्हॉट्सॲपवर रागाच्या भरात केलेली शिवीगाळही खटल्यापर्यंत नेऊ शकते. पैसे हवाल्याने न पाठवता एक्सचेंज हाऊस किंवा बँकेतून पाठवावेत. भारतातले वाहन परवाने तिथे बदलून मिळत नाहीत. शिकवणीचे पैसे भरून नव्याने परीक्षा द्यावी लागते.

कागदपत्रांची तयारी

काझीसाहेबांनी दिलेला निकाहनामा आपल्यासाठी पुरेसा असतो, व्हिसा कार्यालयासाठी नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंद करून दाखला घ्यावा. तो दाखला आणि मुलांचे जन्मदाखले राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीची वकिलात अशा पायऱ्यांनी साक्षांकित करून न्यावेत. सौदी अरबस्तानसाठी डिसेंबर २०२२ पासून ॲपॉस्टिल पद्धत लागू झाली आहे. पासपोर्ट, निकाहनामा, शाळेचा दाखला यांत नावाचे स्पेलिंग एकच हवे. 'शेख' आणि 'शैख' एवढ्या फरकावर महिने जातात.

गावचे दुकान काय करावे

विकून जाऊ नये. भाड्याने द्यायचे तर लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करावा. भावाला चालवायला द्यायचे तर नफ्याचा वाटा लिहून ठेवावा. सख्ख्या भावाशी कागद करायला लाजू नये, कारण नंतर भांडायला कोणी लाजत नाही. दुकान बंद ठेवणार असाल तर जी.एस.टी. नोंदणी रद्द करावी, अन्यथा उलाढाल शून्य असली तरी विवरणपत्र न भरल्याचा दंड चढत जातो. अनिवासी झाल्यावर बँकेतले साधे बचत खाते एन.आर.ओ. करून घ्यावे लागते. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. जमिनीचा विचार असेल तर जाण्यापूर्वीच करावा.

नियम बदलतात, नोकरी जाते

सौदी अरबस्तानात जुलै २०१७ पासून प्रत्येक अवलंबित माणसामागे महिना १०० रियाल फी सुरू झाली आणि दरवर्षी १०० वाढत २०२० मध्ये ती ४०० वर गेली. बायको आणि तीन मुले म्हणजे महिना १,६०० रियाल, वर्षाचे १९,२००. वर्षानुवर्षे तिथे स्थिरावलेल्या अनेकांना कुटुंब परत पाठवावे लागले. १९९० मध्ये कुवेतवर हल्ला झाला तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानाने परत आणावे लागले. २०२० च्या कोरोनाकाळात पुन्हा तेच दृश्य दिसले. ज्यांची शिल्लक गावी होती ते सावरले.

कुटुंबाचा व्हिसा कमावत्या माणसाच्या नोकरीवर टांगलेला असतो. म्हणून प्रोबेशन संपेपर्यंत कुटुंबाला बोलावू नये. अमिरातीत ते जास्तीत जास्त सहा महिने असते. जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला बेकारी विमा घ्यावा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी, म्हणजे फार मोठी नसते. तिच्यावर घर बांधायचे बेत करू नयेत.

जाण्यापूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न

१. सगळा खर्च आणि अम्मी-अब्बांचे पैसे वजा करून पगाराचा निदान दहावा हिस्सा उरतो का?

२. सहा महिन्यांचा खर्च आणि सर्वांच्या परतीचे भाडे बाजूला आहे का?

३. मुलांना कोणत्या इयत्तेत परत आणायचे, हे ठरले आहे का?

४. बायकोने मनापासून होकार दिला आहे का?

५. गावचे दुकान आणि घर परत येण्याच्या स्थितीत ठेवले आहे का?

पाचही उत्तरे 'होय' असतील तर खुशाल जावे. दोन-तीन 'नाही' असतील तर मधला मार्ग आहे. शाळेच्या सुट्टीत कुटुंबाला दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बोलवावे. दोन महिने बाजार, भाडे, उकाडा आणि एकटेपणा सर्वांनी अनुभवावा आणि रोजचा खर्च वहीत लिहावा. परतीच्या दिवशी ती वही उघडून नवरा-बायकोने एकत्र बसावे आणि मगच पक्के ठरवावे.