मस्करीन बेटे : डोंगर, किनारे आणि घसारा

बेळगावच्या आसपास विहीर खणायला घेतली की वर तांबडी माती आणि जांभा लागतो आणि त्याखाली कठीण काळा दगड. आपण त्याला काळा दगड म्हणतो, कन्नड विभागातील माझे मित्र 'करीकल्लू' म्हणतात आणि भूगोलाच्या पुस्तकात त्याचे नाव बेसॉल्ट असे दिलेले आहे. 'दख्खनचे पठार लाव्हारसापासून बनले' हे वाक्य आम्ही शाळेत पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरून गेलो. तो लाव्हा आला कोठून, आणि ज्या भट्टीतून तो आला ती आज कोठे आहे, हे आम्ही कधी विचारले नाही. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ती भट्टी अजून पेटलेली आहे. फक्त ती आता आपल्या पायाखाली नाही. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ७०० किलोमीटरवर, हिंदी महासागरातील रीयूनियन नावाच्या बेटाखाली ती आहे.

रीयूनियन, मॉरिशस आणि रॉड्रिग्स या तिघांना मिळून मस्करीन बेटे म्हणतात. पेद्रू मस्करेन्हस या पोर्तुगीज दर्यावर्दीवरून हे नाव पडले. (हे आडनाव गोव्यात आजही ऐकू येते.) रीयूनियन फ्रान्सच्या ताब्यात आहे. मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाला आणि रॉड्रिग्स त्याचाच भाग आहे.

एका जळत्या दिव्यावरून कागद हळूहळू ओढत नेला तर कागदावर करपलेल्या डागांची रांग उमटेल. येथे दिवा म्हणजे भूगर्भातून वर येणारा उष्ण खडकाचा झोत आणि कागद म्हणजे पृथ्वीचे सरकते कवच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत या झोतावर होता, तेव्हा दख्खनचे थर साचले. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच्यामागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग उमटत गेली. पुढे समुद्राच्या तळावरील एक कणा या झोतावरून गेला, त्यामुळे रांगेचे दोन तुकडे झाले. मॉरिशस आणि रीयूनियन दुसऱ्या तुकड्यावर आहेत. १९८७ साली एका संशोधन जहाजाने या रांगेवर समुद्रतळाला छिद्रे पाडून दगड वर काढले. त्यांची वये क्रमाने लागली : मालदीवकडील दगड सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा, चागोसचा ४ कोटी ९० लाख वर्षांचा. मॉरिशस सुमारे ८० लाख वर्षांचा आहे आणि रीयूनियनला पाण्याबाहेर येऊन अवघी वीसएक लाख वर्षे झाली आहेत.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला हे सारे खतावणीसारखे दिसते. ज्वालामुखी जमेच्या बाजूला जमीन लिहितो, पाऊस आणि समुद्र घसारा लावतात. रीयूनियनचे खाते नुकते उघडले आहे म्हणायचे, पण तेथील दोन्ही बाजूंच्या रकमा पाहून छाती दडपते.

पितों दे नेज हे या बेटावरील सर्वांत उंच शिखर, सुमारे ३,०७० मीटर. समुद्राच्या तळापासून मोजले तर डोंगराची उंची सात किलोमीटर भरते. म्हणजे आपल्याला दिसतो तो केवळ त्याचा माथा. हा ज्वालामुखी हजारो वर्षे शांत आहे. जमा थांबली, घसारा मात्र चालूच राहिला. शिखराभोवती तीन बाजूंना मोठमोठे खळगे पडले आहेत : सालाझी, सिलाओस आणि माफात. काही भाग ढासळला, काही पावसाने कोरला. प्रत्येकाच्या कडेला शेकडो मीटर उंचीच्या सरळ भिंती आहेत आणि आतली जमीनही सपाट नाही. कडे, घळी आणि मधूनच एखादी लहानशी माळजमीन. गुलामगिरीच्या काळात मळ्यांतून पळालेले लोक याच खळग्यांत लपून राहत. माफात हे नाव अशाच एका पळालेल्या माणसाचे आहे असे सांगतात. रीयूनियनमध्ये गुलामगिरी १८४८ साली संपली, पण माफातला अजूनही गाडीरस्ता नाही. तेथील माणसे पायी जातात, सामान हेलिकॉप्टरने उतरते. ज्या कड्यांनी एकेकाळी लोकांना आसरा दिला, त्यांनीच आज वाण्याच्या मालाचा भाव वाढवला आहे.

घसारा आकारण्याच्या दोन पद्धती आम्हांला शिकवतात, समान हप्त्याची आणि घटत्या शिल्लकेची. रीयूनियनचा पाऊस यांपैकी एकही पाळत नाही. १९६६ च्या जानेवारीत ७ व ८ तारखांच्या दरम्यान फॉक-फॉक या ठिकाणी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. हा जागतिक उच्चांक आहे. आमच्या बेळगावात साऱ्या वर्षात मिळून एवढा पाऊस सरासरीने पडत नाही. चक्रीवादळ आले की दहा वर्षांचा घसारा तीन दिवसांत लागतो, आणि नद्या घराएवढे धोंडे समुद्राकडे लोटत नेतात.

जमेची बाजू आग्नेयेस आहे. पितों द ला फुर्नेज, म्हणजे 'भट्टीचे शिखर', उंची २,६३२ मीटर, जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक. त्याचा लाव्हा बहुधा पूर्वेकडे उघड्या असलेल्या एका प्रचंड कुंडातून वाहतो, तेथे वस्ती नाही. म्हणून फारशी हानी होत नाही. पण १९७७ साली लाव्हा कुंडाबाहेर पडला आणि पितों सेंत-रोझ गावात शिरला. घरे गेली. तेथील चर्चला लाव्हाने वेढले आणि तो दारातच थिजला. त्या चर्चला आता 'लाव्हाची माता' अशा अर्थाचे नाव आहे. २००७ साल तर दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखे. फेब्रुवारीत वादळाने याच डोंगराच्या एका जुन्या मुखाजवळ तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस ओतला, हाही उच्चांकच. एप्रिलमध्ये उद्रेक झाला, लाव्हा हमरस्ता ओलांडून समुद्रात उतरला आणि किनाऱ्याला नवी जमीन जोडली गेली. त्याच वेळी शिखरावरील मुख्य विवराचा तळ सुमारे ३०० मीटर खाली बसला.

अशा कोवळ्या बेटाचा किनारा निर्दय असतो. बहुतेक ठिकाणी काळे कडे सरळ पाण्यात उतरतात. उतार तीव्र, आणि नद्यांचा गाळ व गोडे पाणी सतत येणारे, यामुळे प्रवाळाला पाय रोवता येत नाहीत. ते पश्चिमेच्या काही किलोमीटरांतच आहे. तेथे वाळू पांढरी, थोडे दक्षिणेस गेले की काळी. राजधानी सें-देनीकडून पश्चिमेला जाणारा रस्ता कड्याच्या पायथ्याने जातो आणि वरून दगड कोसळत असल्याने वारंवार बंद पडे. शेवटी सरकारने समुद्रावरच रस्ता घेतला. त्यातील ५.४ किलोमीटर लांबीचा पूल २०२२ साली खुला झाला. सबंध योजनेचा अंदाज दीड अब्ज युरोंच्या वर गेला आहे.

मॉरिशस म्हणजे हेच खाते साठ लाख वर्षांनंतर. मूळचा भव्य ज्वालामुखी झिजून गेला. उरले त्याच्या कडांचे तुकडे, मोका, ग्रां पोर आणि रिव्हिएर न्वार या डोंगररांगा. त्यांतील सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरच भरते. पीटर बॉथच्या शिखरावर एक गोल धोंडा आहे, डोक्यावर घागर घेतलेल्या माणसासारखा. १८३६ साली चार्ल्स डार्विन येथे आला असता ल पूस हा डोंगर चढला होता. मधल्या पठारावर मात्र बऱ्याच नंतरचे लहान उद्रेक झाले. क्यूरपीपचे गोल विवर त्यांतलेच, आणि महाशिवरात्रीला हजारो लोक पायी जातात तो गंगा तलाव हेही विवरातले तळे.

येथील किनारा जवळजवळ सर्वत्र प्रवाळाच्या कठड्याने वेढलेला आहे. लाट बाहेरच फुटते, आत उथळ शांत पाणी. दक्षिणेस सुयाकजवळ कठडा तुटतो आणि तेथे समुद्र काळ्या कड्यावर थेट आदळतो. कठडा काय काम करतो हे त्या एका जागी उभे राहिल्यावर कळावे. पांढरी वाळू याच कठड्याची पैदास, प्रवाळ आणि शिंपल्यांचा भुगा. म्हणजे वाळू हे व्याज आणि कठडा ही मुद्दल. मॉरिशसमध्ये कित्येक वर्षे बांधकामासाठी ही वाळू उथळ पाण्यातून उपसली जात होती. व्याज जमण्याच्या वेगापेक्षा उचल अधिक झाली तर काय होते हे आमच्या वर्गातील कोणीही सांगेल. २००१ साली उपशावर बंदी आली, आणि आता तेथे बेसॉल्ट भरडून केलेली वाळू वापरतात. मला वाटते ही बंदी फार उशिरा आली. २०२० च्या जुलैत वाकाशिओ हे जपानी मालकीचे जहाज याच कठड्यावर चढले आणि सुमारे एक हजार टन तेल सांडले. कठडा तोच, मासेमारीही त्याच्याच जिवावर.

१८३४ पासून या बेटावर करारबद्ध मजूर आले. त्यांत मुंबई इलाख्यातून, विशेषतः कोकणातून गेलेले मराठी लोकही होते; पुष्कळ जण नैर्ऋत्येच्या ब्लॅक रिव्हर भागात राहिले. उसाची शेते करण्यासाठी मजुरांनी काळे धोंडे उचलून बाजूला रचले. शेतांच्या मधोमध ते ढिगारे आजही उभे आहेत. सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून उठून ही माणसे त्याच भट्टीच्या दुसऱ्या दगडावर जाऊन पडली, हे त्यांना कोण सांगणार?

रॉड्रिग्स या हिशोबात नीट बसत नाही. ते मॉरिशसच्याही पूर्वेस, साडेपाचशे किलोमीटरांहून दूर आहे आणि त्याचे मोजलेले दगड सुमारे १५ लाख वर्षांचेच आहेत, म्हणजे रांगेच्या क्रमाबाहेर. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, सर्वांत उंच जागा ३९८ मीटर, आणि भोवतालचे उथळ पाणी जमिनीच्या दुप्पट विस्ताराचे. ओहोटीच्या वेळी तेथील बायका गुडघाभर पाण्यात उतरून ऑक्टोपस पकडतात. त्यांची पैदास वाढावी म्हणून २०१२ पासून वर्षातील ठरावीक काळ ही शिकार बंद ठेवली जाते.