चिलापी लहानपणीच धरली, की लहानच राहिली?

प्रश्न : आमच्या लहानपणी भिगवणच्या बाजारात ताटभर चिलापी यायची. आता क्रेटमधली निम्मी तळहाताएवढी असते. वडील म्हणतात, बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लंच उपसली जातात. शेजारचे होडीवाले काका म्हणतात, मासाच आता पहिल्यासारखा वाढत नाही. खरं कोणाचं, आणि ते ओळखायचं कसं?
– एक वाचक, भिगवण

उत्तर : दोघांचंही खरं असू शकतं. पण वडिलांचं खरं असेल तर जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, मोठा करावा लागेल, आणि काकांचं खरं असेल तर लहान मासा आणखी काढावा लागेल. उपाय असे एकमेकांच्या उलट असल्यामुळे आधी मासा मोजायला हवा. भिगवणच्या उजनी धरणाच्या पाण्यावर दौंड, इंदापूर, करमाळा, कर्जत, माढा अशा कितीतरी तालुक्यांतल्या होड्या चालतात. तिथे अंदाजाने केलेला नियम चुकला, तर त्याची किंमत हजारो घरांना मोजावी लागते.

सुरुवात चिलापीपासूनच करू. ही मूळची आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आणलेली. मादी अंडी तोंडात घेऊन उबवते आणि पिल्लं बाहेर पडली तरी काही दिवस त्यांना तोंडातच सांभाळते. त्या काळात ती जवळजवळ काही खात नाही, त्यामुळे तिची वाढ थांबते. पाण्यात दाटी झाली, खाणं कमी पडलं, की चिलापी अंग वाढवण्याऐवजी लवकर वयात येते. अशा वेळी आठ-दहा सेंटीमीटरची मादीसुद्धा अंड्यावर असते. मग पिल्लं वाढतात, दाटी वाढते आणि पुढची पिढी आणखी खुजी राहते.

हे घरीही तपासता येतं. तळहाताएवढी चिलापी साफ करायला घ्याल तेव्हा आधी तिचं तोंड उघडून बघा. मोहरीहून जराशी मोठी, पिवळसर अंडी दिसली तर ते पिल्लू नव्हे, संसाराला लागलेली आई आहे. जाळ्यात धडपडताना बऱ्याच माद्या अंडी ओकून टाकतात, तेव्हा तोंड रिकामं असलं तरी पोटातली गाभोळी बघायला विसरू नका.

आता शेजारच्या क्रेटमधला तेवढाच कटला हातात घ्या. तो मात्र खरोखर पिल्लू असतो. कटला साधारण दोन वर्षांनी वयात येतो आणि धरणाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. तेव्हापासून केंद्रांवर मत्स्यबीज तयार करून जलाशयात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडता येऊ लागली. कटल्याची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. वीस सेंटीमीटरचा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, चाळीसचा किलोभर. म्हणजे वीस सेंटीमीटरचा कटला विकणारा माणूस आठ हिश्श्यांतला एकच हिस्सा घेऊन घरी जातो. इथे तुमच्या वडिलांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

दोन मासे, लांबी एकच, पण एक म्हातारा आणि एक पोर. म्हणून नुसती लांबी पुरत नाही, वय आणि वाढीचा वेग कळावा लागतो.

वय माशाच्या अंगावरच लिहिलेलं असतं. कल्ल्याच्या मागचा, पाठीच्या बाजूचा एक खवला काढा, धुवा, दोन काचांमध्ये धरा आणि भिंगातून बघा. झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतील. वाढ भरभर झाली त्या दिवसांत रेषा विरळ असतात, उपासमारीत किंवा अंड्यावर असताना दाट. थंड देशात हिवाळ्याची रेषा ठळक उमटते. आपल्याकडे पाणी वर्षभर उबदार, त्यामुळे वलयं पुसट असतात. म्हणून जाणकार खवल्याला माशाच्या कानातल्या खड्याची जोड देतात. तो खडा पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

दुसरी रीत जास्त कष्टाची, पण धरणाला जास्त उपयोगी. दर महिन्याला शे-दोनशे मासे मोजून कोणत्या लांबीचे किती आले ते मांडत जायचं. समजा जानेवारीत बहुतेक मासे बारा सेंटीमीटरच्या आसपास होते आणि मार्चमध्ये ती गर्दी पंधरावर सरकली, तर दोन महिन्यांत तीन सेंटीमीटर वाढ झाली. गर्दी महिनोन्‌महिने बारावरच अडली आणि त्या बाराच्या माद्या अंड्यावर असल्या, तर काकांचं खरं. गर्दी नीट सरकते आहे पण वीसच्या पुढे मासाच दिसत नाही, तर संशय जाळ्यावर जातो. यात एक खबरदारी लागते. प्रत्येक जाळं आपापल्या मापाचाच मासा धरतं. त्यामुळे मोजणीपुरती वेगवेगळ्या आसांची जाळी लावायलाच हवीत, नाहीतर आपण मासा न मोजता जाळंच मोजत बसू.

अंगलट पाहायलाही सोपा हिशेब आहे. वजनाला शंभराने गुणायचं आणि लांबीच्या घनाने भागायचं. वीस सेंटीमीटरची चिलापी 160 ग्रॅम भरली तर उत्तर दोन येतं, म्हणजे अंगाने भरलेली. तीच 110 ग्रॅम भरली तर 1.4 च्या खाली जातं, म्हणजे खाणं कमी पडतंय. उजनीत हा आकडा ऋतूप्रमाणे हलणारच. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून इथवर येतं, त्याने पाणी हिरवं होतं, शेवाळ माजतं. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली गेलं, पळसदेवचं मंदिर उघडं पडलं, की तेवढेच मासे थोड्या पाण्यात कोंडतात. त्या महिन्यांची वाढ आणि पावसाळ्यानंतरची वाढ एकाच तागडीत घालू नये.

आणखी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. वर्षानुवर्षे मोठा मासाच काढत राहिलं, तर लहानपणी वयात येणारेच मागे उरतात आणि तोच स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो. कॅनडाने न्यूफाउंडलंडजवळची कॉड मासेमारी 1992 मध्ये बंद केली. त्याआधीच्या मोजण्या नंतर तपासल्या, तेव्हा दिसलं की मासा कमी वयात आणि लहान अंगाने अंड्यावर येत होता. इशारा वहीत होता, बघितला उशिरा.

आपल्याकडे माशांची ओळख जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतले मासे नोंदवताना इथली मराठी नावंच शास्त्रीय नावांत घातली. कोळस आणि नुक्ता जगभर त्याच नावांनी ओळखले जातात. कोणता मासा होता हे त्यामुळे कळतं, तो किती वेगाने वाढायचा हे मात्र त्यातून कळत नाही. समुद्रासाठी महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्यापेक्षा लहान धरायचा नाही. उजनीलाही तसा नियम हवा, पण जातवार हवा. कटला, रोहू, मृगळ यांना किमान लांबी आणि मोठा आस. चिलापीचं मात्र मोजूनच ठरवावं. ती खुजी निघाली तर लहान चिलापी काढणं हा गुन्हा नव्हे, उरलेल्या चिलापीवर उपकार आहे. आणि बारीक आसाच्या जाळ्यात चिलापीबरोबर कटल्याची पोरंही येतात, तेव्हा ती कुठे आणि कधी लावू द्यायची हेही बघावं लागेल.

मोजायची जागा तुमच्या दारातच आहे. भिगवणच्या उपबाजारात लिलावाला रोज मासळी उतरते, वजन होतं, पावती फाटते. लांबी तेवढी कुणी लिहीत नाही. बारामतीजवळ माळेगावला 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, तिथे मत्स्यशास्त्राची माणसं आहेत. मच्छीमार सोसायटी, कॉलेजची मुलं आणि त्यांनी मिळून महिन्यातला एक ठरलेला दिवस दिला तरी वर्षात चित्र उभं राहील.

तोवर तुम्ही सुरुवात करा. एक पट्टी आणि एक वही घ्या. मासा सपाट ठेवा, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी घ्या, वजन घ्या, मादी अंड्यावर आहे का ते बघा, तारीख, ठिकाण आणि जाळ्याचा आस लिहा. महिन्याला शंभर चिलापी आणि शंभर कटला पुरेत. वर्षभराची वही झाली की वडिलांना आणि काकांना एकत्र बसवून दाखवा, आणि आम्हालाही कळवा.