सुरुवात सोमवारी करा

पहिल्या दिवशी ऑफिसच्या वॉचमनकाकांनी विचारलं, "काय साहेब, गाडी बिघडली का?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "अजून नाही आली का गॅरेजमधून?" तिसऱ्या दिवशी काही न विचारता त्यांनी जिन्याखालची कोरडी जागा दाखवली आणि म्हणाले, "इथे लावत जा, स्कूटरवाले अंगावर घालतात."

खरं सांगायचं तर गाडी बिघडलेलीच होती. सायकल मी घेतली होती ती रानात भटकायला. चाळिशी उलटलेली, गड उतरताना गुडघा कुरकुर करू लागलेला, तेव्हा म्हटलं चालण्याऐवजी चाकावर फिरू. दोन रविवार हौसेने गेले. तिसऱ्या रविवारी पाहुणे आले, चौथ्या रविवारी कंटाळा आला, आणि सायकल बाल्कनीत टॉवेल वाळत घालायच्या कामी लागली. स्कूटर आठवडाभर गॅरेजात पडली म्हणून नाइलाजाने ती खाली काढली. रानात सायकल चालवायला जे लागतं त्यातलं बरंचसं मी त्या आठवड्यात आणि पुढच्या दोन महिन्यांत कर्वे रस्त्यावर शिकलो. म्हणून नव्या माणसाला मी सांगतो ते उलटं वाटेल: रानवाटेसाठी सायकल घेतली असेल, तरी सुरुवात सोमवारी करा.

माझा रोजचा रस्ता कोथरूड ते शिवाजीनगर, जेमतेम सात किलोमीटर. पंधरा वर्षं मी तो स्कूटरने केला, पण त्याला उतार आहे हे कळलं ते सायकलवर. पुणं नदीकाठी वसलेलं आहे, बाजूने टेकड्या. तेव्हा नदीकडे जाल तर उतार आणि उपनगराकडे जाल तर चढ, हा ढोबळ हिशेब. माझं नशीब चांगलं, सकाळी उतार आणि संध्याकाळी चढ. घाम गाळायचा तो घरी येताना. ज्यांचं उलट आहे, म्हणजे घर डेक्कनला आणि नोकरी बावधनला, त्यांनी अर्धा तास आधी निघावं आणि चांदणी चौकाच्या चढावर मर्दुमकी दाखवू नये. आपल्या रस्त्याचा चढ-उतार आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वेळी पाहून ठेवा.

घामाचा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर साधं आहे. पोचल्यावर लगेच कपडे बदलू नका. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, घाम थांबू द्या, मग ओल्या पंचाने अंग पुसा आणि शर्ट चढवा. मी आठवड्याचे शर्ट सोमवारीच नेऊन कपाटात ठेवतो. पाठीवर सॅक घेऊ नका, पाठ भिजून निघते आणि खांदे आखडतात. सायकलला कॅरिअर लावा, ओझं त्यावर बांधा. कॅरिअर लावल्यावर सायकल दूधवाल्याची दिसते अशी माझ्या मुलीची तक्रार आहे. ती मी मान्य केली आहे.

रहदारीत नवा माणूस रस्त्याच्या अगदी कडेला चिकटतो, आणि धोका तिथेच जास्त असतो. सिमेंटचा रस्ता आणि कडेचे ब्लॉक यांच्यामध्ये जी लांबट फट असते, तिच्यात पुढचं चाक अडकलं की सायकल जागीच आडवी. ती ओलांडायची तर जमेल तितकी काटकोनात ओलांडावी. चेंबरची झाकणं पावसात साबणासारखी होतात. त्यांच्यावर ना ब्रेक लावावा ना वळावं. उभ्या मोटारींपासून उघड्या दाराइतकं लांब राहा, कारण दार उघडणारा मागे पाहत नाही. मी एकदा मिठाईच्या दुकानासमोर असाच दारावर आदळलो, काका हातात पेढ्यांचा पुडा घेऊन मलाच "दिसत नाही का?" म्हणाले. थांब्याकडे वळणाऱ्या बसच्या डावीकडून कधीही घुसू नका. वळायच्या आधी हात दाखवा, मागचा लाल दिवा संध्याकाळ व्हायच्या आधीच लावा, हेल्मेट घाला आणि कानात गाणी नकोत. पाठीमागून कोणती गाडी येतेय हे सायकलवाल्याला आधी कान सांगतात.

या दोन महिन्यांत हळूहळू हात-पाय शहाणे होतात. गिअर न बघता बदलता येतात. चढ लागल्यावर नाही, चढ लागायच्या आधी हलका गिअर घ्यायचा, हे चार वेळा चेन उतरून हात काळे झाले की कायमचं लक्षात राहतं. पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा फिरतील असा गिअर ठेवा. जड गिअरवर रेटत राहिलात तर गुडघे हिशेब मागतात. सीटच्या उंचीचंही तेच. बहुतेक नवे लोक ती खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्यात किंचित बाक राहतो. मी सीट दोन बोटं वर घेतली आणि गुडघ्याची कुरकुर निम्मी झाली. बूड मात्र दुखणारच. तीन आठवडे कळ काढा, तोवर जाडजूड जेलची कव्हरं घेऊ नका.

कोणती सायकल घ्यावी यावर लोक महिनोन्महिने काथ्याकूट करतात. ऑफिस आणि कच्चा रस्ता दोन्ही करायचं असेल, तर पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंद टायरची हायब्रिड पुरे. स्वस्त सायकलींचे पुढचे शॉकअॅब्सॉर्बर दिसायला रुबाबदार असतात, पण तो फोर्कच दोन-अडीच किलोचा असतो आणि चढावर ते सगळं वजन तुम्हीच वाहून नेता. फ्रेम आपल्या उंचीची आहे ना हे दुकानात बसून पाहा. रंगाचं नंतर बघू.

आता रान. पुणेकरांसाठी पहिली वाट म्हणून मी कालव्याचा रस्ता सुचवेन. खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं, आणि तिथून निघालेला मुठा उजवा कालवा शहरातून हडपसरकडे आणि पुढे जातो. कालव्याचं पाणी नुसत्या उताराने वाहायचं असतं, त्यामुळे तो उतार अगदी नावापुरता ठेवलेला असतो आणि डोंगराच्या कडेकडेने वळणं घेत कालवा जातो. साहजिकच शेजारची कच्ची वाटही जवळजवळ सपाट. धूळ, खडे, मधूनच चिखल, म्हशी, कपडे धुणाऱ्या बायका, हे सगळं आहे, पण चढ नाही आणि मोटारी कमी. मातीवर चाक कसं वागतं हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. फक्त कठड्याशिवायच्या पाण्याकडेच्या बाजूने चालवू नका, आणि शहरातले काही तुकडे आता वस्तीने आणि कचऱ्याने भरलेत, तिथून निमूट डांबरी रस्त्यावर या.

दुसरी फेरी खडकवासल्याच्या पाण्यामागची. कोंढवे-धावडे, कोपरे ओलांडून कुडजे, आगळंबे आणि पुढे मांडवी, सांगरूण. रस्ता छोटा, छोटे-छोटे चढ-उतार, डावीकडे झाडीतून मधूनमधून पाणी दिसतं. पहिल्यांदा कुडज्यापर्यंतच जा आणि परत फिरा. दमल्यावर परत फिरायचं नसतं, निम्मी ताकद शिल्लक असताना फिरायचं असतं. मी आगळंब्याच्या पुढे गेलो आणि येताना प्रत्येक चढाला हात जोडले. प्यायला तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी धरा, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. खायला केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. भूक लागायच्या आधी खायचं. मिसळ परत आल्यावर. वाटेत तर्रीवाली मिसळ खाऊन चढ चढून पाहिला आहे, तो अनुभव वर्णन करण्यासारखा नाही.

या वाटेवरून शेतांकडे गाडीवाटा फुटतात, आणि तिथे खरी गंमत आणि खरी पंक्चरं सुरू होतात. आपल्या देशावर सायकलवाल्याचा शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. शेतकरी कुंपणाला बाभळीच्या फांद्या ओढून नेतात, आणि त्या ओढल्या त्या वाटेवर वर्षभर काटे सापडतात. माझं पहिलं पंक्चर अशाच ठिकाणी झालं. ट्यूब बदलली, हवा भरली, दहा मिनिटांत चाक पुन्हा बसलं. काटा टायरमध्येच होता. नंतर आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्या चाचांनी समजावलं, ते जसंच्या तसं सांगतो: ट्यूब काढायच्या आधी टायरवरचं नाव वॉल्व्हच्या समोर आहे का बघून ठेवायचं. ट्यूबमध्ये भोक कुठे सापडलं ते वॉल्व्हपासून मोजायचं, टायरला तितक्याच अंतरावर पाहायचं, काटा तिथेच असतो. तरीही पूर्ण टायरमध्ये आतून हात फिरवायचा, पण हळूच, नाही तर तो काटा बोटात. भोक सापडायला घमेलंभर पाणी रानात कुठून आणणार? ट्यूब फुगवून गालाजवळून फिरवा, गार झुळूक लागते. एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, पॅच आणि सोल्युशन, एवढं सीटखालच्या पिशवीत हवंच. आपला वॉल्व्ह जाड आहे की बारीक आणि पंप त्याला बसतो का, हे घरी पाहून घ्या. आणि चाक उघडायचा सराव बाल्कनीत करा, उन्हात नको.

हवेचंही थोडं. ऑफिसच्या डांबरावर मी साठ पीएसआयच्या आसपास ठेवतो, कच्च्या वाटेला दहा-पंधराने कमी करतो, म्हणजे टायर जमिनीला धरून चालतो. टायरच्या कडेला किमान-कमाल आकडे छापलेले असतात, त्यांच्या आत राहा. फार कमी केलीत तर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

काट्यानंतर मुरूम. कडक जमिनीवर पसरलेला मुरूम म्हणजे पायाखाली सांडलेले हरभरे. डांबरावर थांबायचं काम मुख्यतः पुढचा ब्रेक करतो, म्हणून त्याला घाबरू नये. मुरमाच्या उतारावर मात्र तोच दाबलात आणि चाक वळलेलं असलं की घसरलातच. माझ्या डाव्या कोपरावर त्याची पावती आहे. उतार लागायच्या आधी, सरळ असताना वेग कमी करा, बूड सीटच्या मागे सरकवा, मागचा ब्रेक जास्त आणि पुढचा एका बोटाने. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण प्रत्येक नव्या सायकलवर आधी तपासा. गाडीवाटेला दोन चाकोऱ्या असतात. एक निवडा आणि तिच्यातच राहा, मधल्या गवतावर चढायचा मोह नको. नजर चार-पाच गाडीलांबी पुढे. ज्या दगडाकडे टक लावाल त्याच्यावरच जाऊन आपटाल, हे कर्वे रस्त्यावरच्या खड्ड्यांनी मला आधीच शिकवलं होतं.

पावसाळा संपताच निघू नका. दिवाळीच्या आसपास गवत कंबरेएवढं असतं, खालचे दगड दिसत नाहीत, आणि कुसळं मोज्यांत घुसून दिवसभर टोचतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर पहाटे निघा आणि नऊला घरी या. पावसात डांबरी रस्तेच बरे, तेही सावलीतल्या शेवाळाला जपून. धनगरांचे वाडे लागले तर लांबूनच वेग कमी करा. कुत्री धावली तर पळवू नका, उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवा आणि चालत पुढे व्हा. पळत्या चाकामागे ती धावतात, चालत्या माणसामागे सहसा नाही.

वेताळ टेकडीचं विचारलंत तर माझं मत लोकांना आवडत नाही. रविवारी सकाळी तिथे सायकल नेऊ नये. टेकडी पहाटे फिरणाऱ्या आजी-आजोबांची आहे. शिवाय ओल्या उतारावर टायरने पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहळ होते आणि माती वाहून जाते. कोरड्या दिवसांत, रुळलेल्या रुंद वाटेनेच, माणूस दिसला की पाय टेकून, एवढं पाळणार असाल तर जा. फलक लावून मनाई केली असेल तिथे मुळीच नको.

शेवटी प्रत्येकाला सिंहगड करायचा असतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकलशर्यत पुरी केली, तेव्हापासून आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअर मंडळींना घाट खुणावू लागलेत, आणि महिनाभरात गड गाठायचा पण करणारे बरेच. पायथ्यापासून घाटरस्ता आठ-नऊ किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या घरात. रोजची ऑफिसफेरी तीन महिने झाली, चाळीस किलोमीटरची रविवारफेरी त्रास न होता जमली, की मग जा. सकाळी सहाला पायथ्याशी असा, कारण नंतर मोटारींची रांग लागते आणि चढावर त्यांचा धूर तुमच्या नाकात जातो. पावसाळ्यात दरडी येतात. घाट बंद असेल तर वाद घालू नका. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दाबा-सोडा, आणि मध्ये दोनदा थांबून रिमला किंवा डिस्कला गार होऊ द्या. तिला बोट लावून पाहू नका.

मी अजून हा घाट एका दमात चढलेलो नाही. दोनदा उतरतो. दुसऱ्यांदा उतरतो त्या वळणावर एक मावशी गाडग्यात दही आणि ताक घेऊन बसतात. दम लागतो म्हणून उतरतो असं मी घरी सांगतो.