गुडघ्याला रजा देऊ नका

“घोरावडेश्वराच्या पायऱ्या उतरताना गुडघे दुखतात, म्हणून चालणंच सोडलं,” असं बेगडेवाडी परिसरातले पन्नाशीपुढचे रुग्ण सांगतात. गुडघ्यातलं वंगण संपलं, असं त्यांच्या मनानं घेतलेलं असतं. दुखणं खरं आहे, उपाय मात्र उलटा आहे.

गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड जिथे भेटतं, तिथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्याचं आतलं अस्तर जो द्रव तयार करतं, त्यावरच तिचं पोषण होतं. निरोगी गुडघ्यात हा द्रव चमचाभरही नसतो, पण तो सतत नव्यानं तयार होतो. पाऊल टेकलं की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते आणि उचललं की द्रव शोषून घेते. चालणं थांबलं की तिची उपासमार होते. मांडीचे स्नायूही दुबळे होतात आणि त्यांनी सोसायचे हिसके सांध्याला बसतात.

चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं, कारण तेव्हा मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार आवरून धरतो. गुडघ्याच्या वाटीमागचा दाब शरीराच्या वजनाच्या कित्येक पट होतो. म्हणून उतरताना दुखरा पाय आधी खाली टाका, चढताना चांगला पाय आधी वर. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा.

रोज सपाट रस्त्यावर झेपेल तेवढं चाला. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करा, ५ सेकंद धरा, असं १० वेळा करा. भातखाचरात खुरपणीला तासन्‌तास उकिडवं बसू नका, अधूनमधून उठून चार पावलं टाका. वजन जास्त असेल तर कमी करा: १ किलो घटलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडत असतील किंवा गुडघा मध्येच अडकत असेल, तरी तपासून घ्या. वेदनाशामक गोळ्या मनानं रोज घेऊ नका. त्यांनी जठर आणि मूत्रपिंडांना इजा होते.

दुखतं म्हणून बसून राहू नका. आज घराबाहेर पडा, दहा मिनिटं चाला आणि उद्याही चाला.