ध्वनिमुद्रिकेचा स्वर आणि निर्वात नलिका

विज्ञानाचा विषय निघाला की कलाशाखेच्या मनुष्याने दोन पावले मागे सरावे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. त्यामुळे या समजाच्या आश्रयाने आम्हीही पुष्कळ वर्षे सुखाने राहिलो. पण एका घरगुती निमित्ताने तो आश्रय सोडावा लागला.

आमच्या मामांच्या घरी लाकडी पेटीत जपून ठेवलेल्या ध्वनिमुद्रिका आहेत. तबकडी फिरविणारे यंत्र शाबूत होते, परंतु त्याला जोडलेला वर्धक वीसेक वर्षांपूर्वी मुका झाला होता. मामांची दृष्टी आता क्षीण झाली आहे आणि वाचन सुटले आहे. त्या तबकड्या पुन्हा एकदा ऐकाव्यात एवढीच त्यांची इच्छा होती. बाजारातून तयार यंत्र आणणे सोपे होते, तरीही निर्वात नलिकांचा पूर्ववर्धक आपल्या हातांनी बांधावा असे आम्ही ठरविले. त्या खटाटोपात जे शिकलो ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्ववर्धक कशासाठी?

तबकडीच्या खाचेतून सुई धावते तेव्हा ती खाचेच्या वळणांप्रमाणे थरथरते. सुईच्या दांडीला एक इवलासा चुंबक जोडलेला असतो. तो हलला की शेजारच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ही वीज किती असते? अवघी ५ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. एवढ्याशा शक्तीने ध्वनिक्षेपक बोलत नाही. मुख्य वर्धकाकडे जाण्यापूर्वी या विजेला आधी वाढवून घ्यावे लागते, आणि हेच पूर्ववर्धकाचे काम होय.

त्याचे दुसरे काम याहून अधिक मनोरंजक आहे. खर्जाचा स्वर जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद डोलते की शेजारच्या खाचेत शिरते. उलट तार स्वरांची वळणे इतकी बारीक पडतात की तबकडीच्या खरखरीत ती बुडून जातात. म्हणून कोरतानाच खर्ज दाबतात व तार चढवितात. ऐकताना याच्या नेमके उलट करावयाचे असते. हे किती प्रमाणात करावे याविषयी पूर्वी प्रत्येक कंपनीचा निराळा रिवाज होता. १९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने एक प्रमाण ठरविले, आणि पुढे तेच सर्वत्र रूढ झाले. त्यात ३१८०, ३१८ व ७५ मायक्रोसेकंद असे तीन कालांक आहेत. कंपनसंख्येच्या भाषेत सांगावयाचे तर सेकंदाला ५०, ५०० आणि २१२२ कंपने ही तीन वळणाची ठिकाणे होत. सेकंदाला १००० कंपनांचा स्वर मध्य धरला, तर २० कंपनांचा स्वर त्याच्या नऊपटींहून अधिक चढवावा लागतो, आणि २०,००० कंपनांचा जवळजवळ तितकाच उतरवावा लागतो.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना मात्र हे प्रमाण लागू पडत नाही. त्यांची खाचही रुंद असते, म्हणून त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते. लाँग प्ले तबकडीची बारीक सुई तेथे लावली तर सुई व तबकडी या दोहोंचेही नुकसान होते.

नलिका काम कशी करते?

हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत तीन मुख्य भाग असतात. मधोमध ऋणाग्र असते. आतील तारेने ते तापले की त्यातून विद्युत्कण बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूस धनाग्र असते. त्यावर मोठा धन दाब असल्याने ते या कणांना ओढून घेते. या दोहोंच्या मध्ये तारेची जाळी असते. जाळीवरचा दाब किंचित बदलला की प्रवाह पुष्कळ बदलतो. पाटाच्या पाण्याला शेताच्या तोंडाशी फळी लावतात, तसेच हे आहे. फळी बोटभर सरकविली तरी पाण्याचा लोट कमीजास्त होतो. १९०४ साली फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची नलिका केली. तीत जाळी घालण्याची कल्पना १९०६ च्या सुमारास ली डी फॉरेस्ट यांनी अमलात आणली, आणि क्षीण ध्वनी मोठा करण्याचे दार त्यातूनच पुढे उघडले.

आम्ही १२एएक्स७ ही नलिका वापरली. युरोपात हिलाच ईसीसी८३ म्हणतात. एकाच काचेत दोन स्वतंत्र नलिका असल्यामुळे एका बाजूच्या ध्वनीसाठी एक काच पुरते, आणि डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंसाठी दोन लागतात. २५० व्होल्टचा पुरवठा, धनाग्राला १ लाख ओहमचा रोध आणि ऋणाग्राला १५०० ओहमचा रोध व त्याला समांतर धारित्र, अशी मांडणी केली असता प्रवाह सुमारे ०.८६ मिलिअँपिअर वाहतो. आता ओहमचा नियम लावून पाहा. धनाग्राच्या रोधावर ८६ व्होल्ट खर्च होतात आणि धनाग्रापाशी सुमारे १६४ उरतात. मापकाने हाच आकडा दाखविला की जोडणी बरोबर झाली असे समजावे.

अशा एका टप्प्यात ध्वनी पन्नास पटींहून किंचित अधिक वाढतो. दोन टप्पे मिळून अडीच हजार पट धरा. त्या दोन टप्प्यांमध्ये खर्ज-तार सावरणारे रोध व धारित्र यांचे जाळे बसविले, की मध्य स्वराचा सुमारे दहावा भाग शिल्लक राहतो. म्हणजे एकूण वाढ अडीचशे पट, आणि ५ मिलिव्होल्टचे सव्वा व्होल्ट झाले. मुख्य वर्धकाला एवढे पुरेसे आहे. या जाळ्यातील भाग मात्र मोजून, शेकडा एकाहून अधिक फरक नसलेले निवडावेत. येथे आळस केला तर गायकाचा गळाच बदलतो.

घरघरीचा शोध

सारे डाख देऊन झाले, नलिका तांबूस उजळल्या, आणि ध्वनिक्षेपकातून गाण्याऐवजी अखंड घरघर ऐकू आली. आम्ही खिन्न झालो. आमच्या शाळेतील संगीतशिक्षक त्या दिवशी सहज घरी आले होते. क्षणभर कान देऊन ते म्हणाले, "यात दोन स्वर आहेत. एक खालचा षड्ज आणि दुसरा त्याच्या वरच्या सप्तकातला."

हे वाक्यच आमची किल्ली ठरले. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. ती एकदिश केली की तरंग १०० चे होतात. कंपने दुप्पट झाली म्हणजे स्वर एक सप्तक चढतो. तेव्हा १०० चा स्वर वीजपुरवठ्याकडून येत होता आणि ५० चा रोहित्राच्या चुंबकत्वातून. पहिल्याचे कारण सापडले. आम्ही भूजोड पत्र्यावर जेथे जागा मिळाली तेथे केले होते, त्यामुळे पुरवठ्याचा प्रवाह क्षीण ध्वनीच्या वाटेत मिसळत होता. सर्व भूजोड एकाच बिंदूवर आणताच तो स्वर लोपला. दुसऱ्यासाठी रोहित्र वेगळ्या पेटीत घालून हातभर दूर ठेवले. खर्ज चढविणाऱ्या या यंत्रात ५० कंपनांचा स्वर मध्य स्वराच्या सातपट वाढतो, म्हणून अशी घरघर येथे विशेष जाचक होते. वर्गात निराळ्या तासांना शिकविले जाणारे संगीत आणि भौतिकशास्त्र त्या संध्याकाळी एकाच टेबलाशी बसले होते.

एक धोक्याचा इशारा

आता जे सांगणार आहोत ते सांगताना संकोच वाटतो, तरी सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. एकदा बटण बंद करून, तार भिंतीपासून काढून, आम्ही निर्धास्तपणे पेटीत हात घातला आणि जबर झटका बसला. हात मागे फेकला गेला. सुदैवाने दुसरा हात कोठे टेकलेला नव्हता. वीज बंद होती हे खरे, पण पुरवठ्याच्या धारित्रात ती साठून राहिली होती. मुख्य वीज २३० व्होल्टची. रोहित्रातून तितकीच घेऊन एकदिश केली तरी धारित्रात सुमारे ३२५ व्होल्ट भरतात. एवढा दाब प्राण घेऊ शकतो.

त्यानंतर आम्ही धारित्राला २ लाख २० हजार ओहमचा, दोन वॅटचा रोध कायमचा समांतर जोडला. ४७ मायक्रोफॅरडच्या धारित्राचा कालांक त्यामुळे दहा सेकंदांच्या आसपास येतो. पाच कालांक लोटले, म्हणजे सुमारे एक मिनिट गेले, की दोनतीन व्होल्टच शिल्लक राहतात. तरीही मापकाने खात्री केल्यावाचून आम्ही हात घालीत नाही आणि एक हात पाठीशी ठेवतो. विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून कदापि हाती घेऊ नये. गणित व आकृती यांचा अभ्यास मात्र आजच सुरू करण्यास हरकत नाही.

उपसंहार

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला, आणि आज हेच काम नखाएवढा तुकडा करतो. मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. नलिकेत कार्यकारण डोळ्यांपुढे मांडलेले असते. ऋणाग्र तापताना दिसते, दाब मोजता येतो, चूक हाताला लागते. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू कोणता?

आपल्या गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा 'जात कहाँ हो' हा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानांतील सोनेरी तबकडीवर अंतराळात गेला. त्या तबकडीसोबत सुई आणि ती वाजविण्याच्या खुणाही पाठविलेल्या आहेत. स्वर जपावयाचा तर तो ऐकण्याची विद्याही जपावी लागते, हे पाठविणाऱ्यांनी ओळखले होते.

मामांच्या घरी पहिली तबकडी लावली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाजू संपली, सुई उचलली, तेव्हा आपल्या कोंकणीत एवढेच म्हणाले, "आतां ताळो उकतो जालो." आवाज मोकळा झाला, असा त्याचा अर्थ. मग त्यांनी हातानेच खूण केली, आणि आम्ही तबकडीची दुसरी बाजू लावली.