‘घसरून पडलो’

२०२२ सालच्या मार्गशीर्षात, ऊसतोडणीचा हंगाम ऐन भरात असताना, न्हावऱ्याकडील एक काम आटोपून मी रात्री नऊच्या सुमारास मोटारसायकलवरून निमोण्यास परतत होतो. तोच मागून आलेल्या एका मालवाहू गाडीने मला धडक देऊन रस्त्याकडेच्या चारीत फेकले, क्षणभर तिचे मागील तांबडे दिवे उजळले, आणि मग ती अंधारात निघून गेली. त्या क्षणभराच्या थबकण्यात चालकाच्या मनात काय द्वंद्व झाले असेल, याचा विचार मी पुढे मांडीत सळई घेऊन अंथरुणावर पडल्या पडल्या पुष्कळ केला. परंतु आज सांगावयाचे आहे ते त्याच्या अपराधाविषयी नसून माझ्या स्वतःच्या प्रमादाविषयी.

माझ्या हाका ऐकून वस्तीवरची माणसे धावली, पाठोपाठ पुतण्या आला. “तात्या, गाडी काय आता सापडायची नाही, पोलिसांचं लचांड कशाला मागं लावून घ्यायचं?” असे तो म्हणाला, आणि वेदनेने व्याकूळ झालेल्या मी मान हलविली. इस्पितळात ‘कसे लागले?’ असा प्रश्न झाला, तेव्हा ‘गाडी घसरून पडलो’ असे आम्ही सांगितले व तेच केसपेपरावर लिहिले गेले. इकडे कोणा भल्या माणसाने, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चाकांना लागू नयेत म्हणून, फुटलेल्या दिव्याच्या काचा झाडून चारीत लोटल्या. पळालेल्या चालकाने मागे जो पुरावा टाकला होता, तो अशा रीतीने आम्हीच एका रात्रीत नाहीसा केला.

दोन महिन्यांनी एका वकील स्नेह्याकडून समजले की, धडक देणारे वाहन अज्ञात राहिले तरी कायदा जखमीस वाऱ्यावर सोडत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या १६१व्या कलमान्वये अशा अपघातात मृत्यू आल्यास वारसांना दोन लाख रुपये व गंभीर दुखापत झाल्यास जखमीस पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या योजनेपूर्वी हेच आकडे पंचवीस हजार व साडेबारा हजार असे होते. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे करावयाचा, त्यांनी महिन्याभरात चौकशी करून अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावयाचा, आणि मंजुरीनंतर रक्कम थेट बँकेच्या खात्यात यावयाची, अशी ही तजवीज आहे.

मी विलंबाने फिर्याद दिली, शिरूरला खेटे घालून अर्जही केला. फिर्यादीत धडक आणि केसपेपरात घसरणे, या विसंगतीवर अर्ज नामंजूर झाला. आणि कागद पाहून निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यास याहून निराळे काही करता आले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

म्हणून माझ्यासारख्यांना चार गोष्टी सांगतो. प्रथम १०८ वर रुग्णवाहिका व ११२ वर पोलीस बोलवावेत. जखमीस हलवावे, परंतु काचा, रंगाचे टवके, चाकांचे वळ यांचे छायाचित्र घेतल्याशिवाय ते पुसू नयेत. जे अर्धेमुर्धे आठवत असेल तेही जबाबात सांगावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नागपूर–जबलपूर महामार्गावर पत्नीला चिरडून गेलेल्या मालमोटारीविषयी पतीला तिच्यावरील तांबड्या खुणांपलीकडे फारसे सांगता आले नव्हते, तरी तेवढ्यावरून टोलनाक्यांवरील चित्रणे संगणकाकरवी चाळून पोलिसांनी ती गाडी हुडकून काढली. फिर्यादीची प्रत, दुखापतीचा दाखला अथवा शवविच्छेदनाचा अहवाल, इस्पितळाची बिले, ओळखपत्र व पासबुकाची प्रत एकत्र जपून ठेवावी. महिन्याभरात वाहनाचा तपास न लागल्यास या योजनेची लेखी माहिती पोलिसांनीच द्यावयाची आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १२ जानेवारी २०२४ चा आदेश आहे. ती मिळाली नाही, तर मागून घ्यावी. मदतीस धावणाऱ्यांनीही भिऊ नये, कारण कलम १३४-अ त्यांना संरक्षण देते.

एक शब्द चालकांसाठी. जीवघेणा अपघात न कळविता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे भारतीय न्याय संहितेतील १०६(२) हे पोटकलम, वाहनचालकांच्या जानेवारी २०२४ मधील आंदोलनानंतर, १ जुलै २०२४ रोजी संहितेबरोबर अमलात आणले गेले नाही. यावरून पळणाऱ्यास मोकळीक मिळाली असे कोणी समजू नये: निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहेच, आणि जखमीस उपचार मिळवून देण्याचे कर्तव्यही कलम १३४ अन्वये आहेच. क्षुब्ध जमावाची भीती त्याच कलमाने ध्यानात घेतली आहे. जिवाच्या भयाने थांबता आले नाही, तरी जवळच्या ठाण्यात चोवीस तासांच्या आत खबर द्यावीच लागते.

आणि आपणा सर्वांस विनंती एवढीच, की इस्पितळात ‘कसे लागले?’ असे विचारले जाईल, तेव्हा जे घडले तेच सांगावे, आणि लिहिलेले एकदा वाचून पाहावे.